वारा, किल्ली आणि गावंडे सर

गावंडे सरांची आणि माझी ओळख झाली तीच मुळी त्यांचं घड्याळ मोडून. बदली होऊन आम्ही आर्णीला त्यांच्या शेजारी राहायला आलो आणि दुसऱ्याच सकाळी मी नव्या शेजाऱ्याला भेटायला गेलो. सत्तरी ओलांडलेले सर स्टुलावर चढून भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाला किल्ली देत होते. मी सरकारी माणूस. न विचारता मदत करण्याची संधी आम्हाला ऑफिसात मिळत नाही, म्हणून बाहेर आम्ही ती सोडत नाही. "सर, तुम्ही उतरा, मी विंड करून देतो," असं म्हणून मी किल्ली हातात घेतली आणि अशी काही फिरवली की आतून 'कडक्' आवाज आला आणि लंबक होता तिथेच थांबला.

सर रागावले नाहीत. छताकडे बघत उभे राहिले. मीही बघितलं. छतावर काहीच नव्हतं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "साहेब, विंड म्हंजे वारा. माह्या घड्याळाले तुमी वारा घालून राह्यले होते काय?"

"म्हणजे... वाइंड," मी पुटपुटलो.

"हां! शेतातली मोटर जळाली का सारी आर्णी वाइंडिंग म्हणते. एक मानूस विंडिंग म्हणत नाई. मंग घड्याळानंच तुमचं काय बिघडवलं?" एवढं बोलून त्यांनी आत हाक मारली, "अवो, चहा टाका. शेजारी आले. घड्याळ गेलं."

सर चाळीसेक वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. पण शिकवण्याचा त्यांचा एक विचित्र नेम होता. ते अर्थ सांगत नसत. वस्तू पुढे ठेवायची, प्रश्न विचारायचा आणि छताकडे बघत गप्प उभं राहायचं, समोरच्याला उत्तर सापडेपर्यंत. "सांगतलेला शब्द शाळेच्या गेटपर्यंतच जाते," ते म्हणत. "सापडलेला घरी येते, जेवाले बसते, रात्री संगं झोपते." ही सवय बाजारातही सुटली नव्हती. भाजीवाल्या बाईसमोर वांगं धरून ते असे थांबत, की ती वैतागून म्हणे, "सर, वांगं हाये ना जी ते! इंग्रजीत तुमीच म्हना अन् घेऊन जा!"

आमच्या घरात गप्प बसण्याची परंपराच नाही. मी बोलतो, बायको बोलते, दोघं एकदम बोलतो आणि दोघांनाही सगळं ऐकू येतं. त्यामुळे सुलभाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, सरांकडे शिकायला जाणं हा मला चमत्कारच वाटला. त्याचं कारण मात्र गंभीर होतं. तिने लग्नाआधी बी.एड. केलं होतं. मग माझ्या बदल्या, मुलीचं शिक्षण, सासूबाईंचं आजारपण. नोकरी राहून गेली ती गेलीच. आता यवतमाळच्या एका शाळेत इंग्रजीच्या शिक्षिकेची जागा निघाली होती आणि सहावीच्या वर्गावर पाठ घेऊन दाखवायचा होता. "या वेळी जमलं तर जमलं," ती मला म्हणाली. "नाही तर ते प्रमाणपत्र ट्रंकेत टाकते आणि पुन्हा नाव काढत नाही." हे ती भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाली. तेव्हा मला कळलं की ही बाब साधी नाही.

पाठाचा विषय शाळेने पाठवला होता: स्पेलिंग एक, उच्चार दोन असा एखादा शब्द आणि त्याचा वापर. सर तो कागद वाचून टुणकन उठले. "विंड-वाइंड घे बेटा! साहेबाईनं त्याच्यापाई माह्यं घड्याळ देल्लं, वाया काहून घालवाचं?"

त्यानंतर सरांच्या घरात जे सुरू झालं त्याला शिकवणी म्हणणं कठीण आहे. सर दारात वर्तमानपत्राचं पान धरून उभे राहत आणि ते फडफडलं की सुलभाकडे बघत. फेटा काढून आणत आणि माझ्या डोक्याला गुंडाळता गुंडाळता विचारत, "काय करून राह्यलो मी?" यवतमाळच्या वाटेवरचा वळणांचा रस्ता हवेत बोटाने काढून दाखवत आणि म्हणत, "हाही वाइंडच करते. रस्ता असला तरी काय झालं!" एकदा मी हुशारी करून विचारलं, "सर, याचा भूतकाळ वाउंड ना? आणि तसंच लिहून वूंड म्हटलं की जखम!" सरांनी हात जोडले. "साहेब, तो तिसरा भाऊ हाये. त्याले लग्नात बलावू नोका, भांडन लावते."

शेवटी ठरला पतंग. वाऱ्याशिवाय उडत नाही आणि दोरा गुंडाळल्याशिवाय घरी येत नाही. दोन्ही शब्द एकाच खेळात! सुलभाचे डोळे चमकले. अडचण एकच होती, थांबण्याची. सराव करताना मी विद्यार्थी व्हायचो. ती विचारायची, "व्हॉट इज धिस?" छताकडे बघायची आणि दोन श्वासांत स्वतःच उत्तर द्यायची. तिने आवरलं तर मी द्यायचो. सर कपाळाला हात लावायचे.

"बेटा, तुले वाटते तू गप बसली का पाठ पडला. पाठ पडत नाई. तवाच तर तो उभा राह्यते. अन् साहेब, तुमी सहावीत नापास!"

पाठाच्या दिवशी सकाळी आम्ही एसटीने निघालो. मांडीवर भलामोठा लाल पतंग, हातात दोऱ्याची चक्री. कंडक्टर म्हणाला, "पतंगाचं हाफ तिकीट काढता काय?" सुलभा हसलीसुद्धा नाही. ती खिडकीबाहेर बघत होती. कापसाच्या शेतात एक पान हलत नव्हतं. माझ्या हे लक्षात आलं, पण आयुष्यात पहिल्यांदाच मी तोंड मिटून बसलो.

शाळेच्या मैदानाकडेला खुर्च्या टाकून मुख्याध्यापिकाबाई आणि दोन परीक्षक बसले होते. सहावीचा वर्ग मैदानात आला आणि पतंग बघून अर्ध्या पोरांनी उड्याच मारल्या. मला बाहेर थांबायला सांगितलं होतं. मी कंपाउंडच्या जाळीला नाक लावून थांबलो.

एका मुलीने पतंग धरला, दुसरीने दोरा ओढला. पतंग डोक्याएवढा वर गेला आणि जमिनीवर आदळला. पुन्हा उचलला, पुन्हा आदळला. मुलं धावली, ओरडली, दोरा मैदानभर पसरला, पायांत अडकला. पतंग काही उडेना. एका परीक्षकाने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. दुसऱ्याने काहीतरी लिहिलं. गेलं प्रमाणपत्र ट्रंकेत.

सुलभा मैदानाच्या मधोमध उभी होती. तिने पडलेला पतंग उचलला आणि वर्गाला विचारलं, "इट डज नॉट फ्लाय. व्हाय?"

आणि तिने आकाशाकडे बघितलं.

गप्प. वर्ग गप्प. परीक्षक गप्प. मी जाळीत बोटं अडकवून उभा. उत्तर माझ्या जिभेवर नाचत होतं. मी रुमाल तोंडात कोंबला. मुलंही हळूहळू वर बघायला लागली, मॅडमला काय दिसतंय म्हणून. कडुनिंबाचं एक पान हलत नव्हतं. सुलभाचं तोंड मिटलेलंच. मुख्याध्यापिकाबाईंनी खुर्चीत चुळबूळ केली. आणि तेवढ्यात दोन वेण्यांची एक मुलगी झाडाकडे बोट दाखवून ओरडली, "मॅडम, वाराच नाई ना!"

"येस! इन इंग्लिश?" पुन्हा आकाश.

"विंड!" मागून एकजण. "विंड नाई!" "नो विंड! नो विंड, मॅडम!" मग सगळा वर्गच ओरडायला लागला, जणू वारा नसणं ही फार मोठी कमाई होती.

सुलभाने पायांत गुंतलेला दोरा दाखवला, रिकामी चक्री पुढे धरली आणि हवेत बोट गोल गोल फिरवलं. "नाउ, व्हॉट डू वुई डू?"

"गुंडाळा!" "लपेटा!" ती हसून मान हलवत राहिली, बोट फिरवत राहिली. मग तीच दोन वेण्यांची मुलगी अडखळत म्हणाली, "मॅडम, आमच्या बाबाच्या मोटरची केलती... वाइंडिंग?"

सुलभाने जागच्या जागी उडी मारली. खरंच मारली! "वाइंड! वाइंड द थ्रेड!" आणि सगळा वर्ग "वाइंड, वाइंड" करत दोरा गोळा करायला लागला, कोणी पायातून सोडवतंय, कोणी चक्री फिरवतंय. शेवटी तिने खुर्च्यांशेजारी आणून ठेवलेल्या फळ्यावर डब्ल्यू, आय, एन, डी अशी चार अक्षरं लिहिली. दोनदा, एकाखाली एक. पुन्हा गप्प. अक्षरांकडे बघून वर्गातून असा 'ओऽऽ' उठला की मुख्याध्यापिकाबाईंचीही मान पुढे आली.

वारा सुटला तो आम्ही बस स्टँडवर पोचल्यावर. पतंग माझ्या हातातून निसटला आणि पानठेल्यावरच्या एका गृहस्थाच्या तोंडावर जाऊन बसला. मी माफी मागितली. सुलभा पोट धरून हसत होती, आणि डोळेही पुसत होती.

नोकरी मिळाल्याचा फोन आला तेव्हा ती चपला न घालता सरांकडे धावली. मागोमाग मी. सरांना आमच्या चेहऱ्यावरूनच कळलं होतं, पण त्यांनी विचारलं, "काय झालं?" आणि छताकडे बघत उभे राहिले. मी तोंड उघडलं. तिने माझ्या पायावर पाय दिला. मग शांतपणे म्हणाली, "सर, मी थांबले."

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने बराच वेळ पुसला आणि आत हाक मारली, "अवो, चहा टाका. मॅडम आल्या."

पुढच्या वर्षी सरांच्या पत्नी गेल्या आणि त्यांच्या मुलीने त्यांना नागपूरला आपल्याकडे बोलावून घेतलं. दुरुस्त होऊन आलेलं ते घड्याळ त्यांनी आमच्या भिंतीवर लावलं आणि किल्ली सुलभाच्या हातात दिली. "साहेबाईचा हात लागू देऊ नोको," एवढीच अट. सर आता नाहीत. बस स्टँडवर झाली तीच आमची शेवटची भेट.

नागपूरच्या बसमध्ये सर खिडकीपाशी बसले होते. मी खाली उभा राहून सूचनांचा मारा करत होतो: पाण्याची बाटली पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे, गोळ्या जेवणानंतर घ्या, नागपूरला उतरताना पायरी बघा, पोचल्यावर फोन करा. सर मान हलवत होते, पण त्यांची नजर माझ्या मागे होती. मी वळून बघितलं तर सुलभा नुसती उभी. तिने एक बोट हवेत गोल गोल फिरवलं. सर खिडकीतून हसले, गाल फुगवले आणि तिच्या दिशेने एक मोठी फुंकर मारली. तेवढ्यात बस निघाली.

घरी परतताना मी तिला रागावलोच. "एवढं शिकवलं त्या माणसाने, आणि तू निरोपाचा एक शब्द बोलली नाहीस?"

"आमचं सगळं बोलून झालं," ती म्हणाली. "तुम्ही पाण्याच्या बाटलीचं सांगत होता ना, तेव्हा."