कोऱ्हाळ्याचं इंजिन

सोपान गेल्याची बातमी डेअरीतला एक कामगार मोटारसायकलवरून घेऊन आला. मी अंगणात शेंगा फोडत होते. त्याला नीट सांगता येईना. "मामा गाडीतच हायत," एवढंच तो परत परत म्हणत राहिला. बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या गाड्यांची रांग लागते. रांग पुढं सरकली आणि सोपानची गाडी जागची हलली नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले, मग शिव्या दिल्या, मग कुणीतरी उतरून बघितलं. इंजिन चालूच होतं. माझा धाकटा भाऊ एका जागी शांत बसलाय, हे मी उभ्या जन्मात पहिल्यांदा ऐकलं... जेवताना सुद्धा तो ताटावरून दोनदा उठायचा.

आता दीड महिना होत आला. येणारे-जाणारे त्याच्याबद्दल चांगलं बोलतात. मेलेल्या माणसाबद्दल बोलतातच. तो हट्टी होता, घाईचा होता, आणि त्याच्या एका करणीनं आमचा चालता धंदा हातचा गेला, हेही खरं आहे. ते कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते.

आम्ही मेंढरं राखणारी माणसं. माझे मालक वारल्यावर मी भावाच्या वस्तीवर, भवानीनगरच्या अलीकडं, येऊन राहिले तेव्हा घरात कळप होता. पुढं चहूकडं ऊस झाला. मेंढरू उसात शिरलं की भांडण, आणि शिरल्याशिवाय राहत नाही. सोपाननं कळप विकला आणि एक जुनी पिकअप घेतली. इंदापूरकडच्या गावांतलं दूध गोळा करून तो बारामतीला डेअरीत घालू लागला. गाडी चालवताना पुढं वाकून बसायचा, जसा काही कळपाला मागून हाकतोय. ती गाडी एका उन्हाळ्यात भर रस्त्यात तापली, पाणी संपलेलं त्याला कळलं नाही, आणि इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला. एमआयडीसीजवळच्या गॅरेजचे बशीरभाई म्हणाले, हे इंजिन आता भंगारात घाला. नवं घ्यायची आमची ऐपत नव्हती. जुनंच कुठलं तरी शोधायचं, आणि तेही लगेच; कारण दुधाचं असं असतं की म्हशी उद्या सकाळी पुन्हा दूध देणार. गावात एकदा दुसऱ्याची गाडी शिरली की ती निघत नाही. सोपान चार दिवस भाड्याच्या गाडीनं कॅन पोचवत होता आणि दुपारभर इंजिनं बघत हिंडत होता. पायात चप्पल आहे की नाही याचीही त्याला शुद्ध नसायची.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "आक्का, चल."

"मला काय कळतंय इंजनातलं?"

"मेंढराचा खोकला वळखतीस न्हवं? मग चल."

पहिलं इंजिन बघितलं ते रंग दिलेलं, चकचकीत. एका झटक्यात चालू झालं. पण चालू करायच्या आधी सोपाननं त्याच्यावर हात ठेवला होता. गरम होतं, म्हणजे आम्ही यायच्या आधीच चालवून ठेवलेलं. बाजारात मेंढरं विकणारे लबाड लोक मिठाचा चारा घालून वर पाणी पाजतात, मेंढरू फुगतं, वजनाला भरतं. म्हणून आम्ही जनावर बघायला पहाटे जातो, त्याच्या पोटात काही पडायच्या आत. सोपान मालकाला एवढंच म्हणाला, "ह्येला खाऊ-पिऊ घालून हुबं केलंय," आणि चालू लागला. तो माणूस मागून ओरडत राहिला, की काय खाऊ घातलंय, डिझेलच घातलंय की.

मग एकानं विहिरीवरचं पाण्याचं इंजिन दाखवलं. म्हणाला, हेच बसवा, डिझेल पीत नाही, अशा गाड्या रस्त्यावर पळतायत. अगदी स्वस्तात देत होता. सोपानचं मन त्याच्यावर बसलं. ते ठक ठक वाजत होतं, बरं वाजत होतं, मला काही खोट दिसेना. पण मी म्हणाले, हा मोटेचा बैल आहे. ओढील दिवसभर, पण पळणार नाही, आणि बारामतीला पोचेपर्यंत तुझ्या कॅनमधलं दूध नासून जाईल. सोपान माझ्यावर चिडला. पण पुन्हा त्या इंजिनाचं नाव काढलं नाही.

तिसरं कोऱ्हाळे बुद्रुकला मिळालं. तिथल्या एका ऊसवाल्या तात्यांची पिकअप, आमच्याच जातीची, उसाच्या चारीत उलटून मोडली होती. इंजिन गोठ्यात पोत्याखाली पडलेलं आणि पोत्यावर कोंबडी अंड्यांवर बसलेली. आम्ही दिवस उगवताना पोचलो. कोंबडी उठवली, तिनं सोपानच्या हाताला चोच मारली. बॅटरी जोडून इंजिन चालू केलं तर ते आधी खोकलं, काळा धूर सोडला, आणि मग हळूहळू एका लयीत चालू लागलं. सोपाननं माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, हा थंडीचा खोकला आहे, छातीतला नाही. घे. भाव करायला त्यानं सवयीनं रुमाल काढला आणि रुमालाखाली तात्यांचा हात धरला. मेंढरांच्या बाजारात भाव असाच ठरतो, बोटांनी, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. तात्या ऊसवाले. त्यांनी हात ओढून घेतला आणि हा माणूस काय करतोय म्हणून माझ्याकडं बघत राहिले.

इथवर सगळं बरोबर झालं होतं. इंजिन वस्तीवर आलं. गॅरेजला न्यायच्या आधी सोपाननं कानस घेतली आणि इंजिनावरचा नंबर घासून काढला. त्या जागी छिन्नीनं आमच्या घराची खूण पाडली, तिरकी रेघ आणि खाली दोन खाचा. आमच्यात विकत आणलेल्या मेंढराच्या कानावर पहिल्याच दिवशी आपली खूण करतात. दुसऱ्याची खूण अंगावर ठेवून जनावर घरात घ्यायचं नाही, नाहीतर उद्या कुणी येऊन म्हणतो माझं आहे. मी तिथंच उभी होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट खाच जरा खोल घे म्हणाले.

बशीरभाईंनी ते बघितलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

"सोपानराव, नंबर कुठं गेला?"

"घासला. दुसऱ्याची खूण व्हती ती."

"आता ही गाडी चोरीची झाली की वो."

"चोरीची कशी? पैसं देऊन आणलंय म्यां."

बशीरभाईंनी शांतपणे समजावलं. चोरीच्या गाडीचाच नंबर कुणी घासतो. रस्त्यात कुणी अडवलं तर गाडी जप्त, सोपान आत, आणि बसवून देणारे म्हणून तेही आत. कागद झाल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर सोडणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. सोपान तिथल्या तिथं फेऱ्या मारू लागला. इंजिन होतं, गाडी होती, आणि दूध मात्र दुसऱ्याच्या गाडीत चाललं होतं.

आम्ही परत कोऱ्हाळ्याला गेलो. पुण्याच्या आरटीओ कचेरीत तात्यांनी येऊन सांगायला हवं होतं की इंजिन त्यांचंच. तात्या तयार नव्हते. म्हणाले, "म्यां नंबरासकट दिलं व्हतं. कान तुमी कापला, आता तुमीच निस्तरा." सोपान त्यांच्या पाया पडायला निघाला होता. मी त्याला मागं ओढलं आणि म्हणाले, "तात्या, तुमी न्हाय आलासा तर चोरीचं इंजिन तुमच्याच गोठ्यातनं निघालं असं हुईल. बगा." तात्यांनी खुंटीवरची टोपी घेतली.

कचेरीतल्या साहेबांनी सोपानला विचारलं, नंबर का घासला. सोपान नुसता एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला. मग मीच सांगितलं, "साहेब, चोर खूण पुसतो आन् गप बसतो. ह्यानं पुसून सोताच्या घराची काढलीया. इंदापूर तालुक्यातल्या कुठल्याबी धनगराला दावा, त्यो सांगंल इंजिन कुणाचं." साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. तात्यांच्या मोडक्या गाडीचं पुस्तक मागवलं, जबाब घेतले, तपासणीला माणूस पाठवला. नवा नंबर ठोकायची परवानगी मिळाली. पण तोवर उन्हाळा सरला होता, भाड्याची गाडी परवडेनाशी झाली होती आणि एकेक करून आमची सगळी गावं दुसऱ्या गाड्यांनी घेतली होती.

गाडी दारात आली आणि भरायला कॅनभर दूध नव्हतं. सोपान रोज पहाटे ती चालू करायचा, धूर निघायचा, बंद करायचा. त्याची बायको शेवंता म्हणाली, विकून टाका आणि कारखान्यात लागा. एका सकाळी तो गाडी घेऊन निघून गेला ते दुपारी आला. डांबरी सोडून आत, माळावर, आमच्यासारख्यांच्या वस्त्या आहेत. घरात एखादी गाय नाहीतर दोन शेळ्या. तिथं कुणाची गाडी जात नव्हती, कारण पाच दारं फिरलं तरी कॅन भरत नाही. सोपान तिथून पाऊण कॅन घेऊन आला होता. शेवंता म्हणाली, ह्यात डिझेल तरी सुटतं का? नव्हतंच सुटत. पहिलं वर्ष मी माझ्या पाटल्यांवर रेटलं. मग वस्त्यांवर गाया वाढल्या. तोच त्यांच्या मागं लागायचा, एकाला गाय घे म्हणायचा, दुसऱ्याला कडबा नेऊन टाकायचा, आणि दुधात पाणी सापडलं तर त्याच दारात उभं राहून आई-बाप काढायचा. श्रीमंत झाला नाही. घरी बसायला मात्र लागलं नाही.

त्याचा मुलगा दत्ता एमआयडीसीत कामाला आहे. बाप गेल्यावर तो म्हणाला, गाडी आता उभी करू. तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो तर माळावरची एक बाई डोक्यावर कॅन घेऊन दारात उभी. ती भेटायला आली नव्हती. तिनं विचारलं, गाडी कधी येणार? दोन दिवसांचं दूध तिनं ओतून दिलं होतं. मी दत्ताला म्हणाले, सुतक आपल्याला आहे, गाईला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं गाडी काढली. वाट दाखवायला मी शेजारी बसले. अर्धी वाट मलाही ठाऊक नव्हती, पण लोक उभे असायचे, त्यावरून कळायचं.

शेवटची वस्ती झाल्यावर माळावर एका बाभळीखाली एक म्हातारा दिसला. जवळपास घर नाही, जनावर नाही. दत्ता पुढं निघाला होता, मी थांब म्हणाले. म्हातारा गाडीला हात लावत लावत मागं आला, कॅनचं तोंड चाचपलं आणि तांब्यातलं दूध आत ओतलं. दूध तांब्याभरच होतं. त्याला दिसत नव्हतं. गाडी बंद केली नव्हती, इंजिनाचा आवाज तोच होता...

"दोन दिस आला न्हाईस, आन् आज बी लई उशीर केलास, सोपाना," म्हातारा म्हणाला.

दत्तानं माझ्याकडं बघितलं.

"व्हय, आबा," दत्ता म्हणाला. "उद्या येळंवर येतो."