मोटेची सोंड आणि गिअरचा दांडा

“अहो, थांबवा! पाय भाजला माझा! आधी थांबवा ही भट्टी!”

मोशी मागे टाकून आम्ही महाळुंग्याच्या वाटेला लागलो होतो, आणि आमच्या सौभाग्यवतींच्या या आर्त स्वराने रानातले यच्चयावत मोर भरदुपारी केकारव करू लागले. दोष तिचा नव्हता. खडकीच्या लिलावात मी घेतलेल्या त्या लढाईपूर्वीच्या विलायती गाडीत गिअरच्या दांड्याभोवतीचे कातडे केव्हाच झडून गेले होते आणि तिथे उरले होते एक विवर! त्या विवरातून जळक्या तेलाचा दर्प, यंत्राचा तप्त निःश्वास आणि चाकणच्या वाटेवरची निम्मी धूळ आत येई. उरलेली निम्मी सरकारने रस्त्यासाठी राखून ठेवली होती. दांड्याची मूठही नाहीशी झालेली. उघड्या लोखंडी आट्यांना चिंधी गुंडाळून मी गिअर टाकीत असे, आणि तळहातावर अशा काही रेषा उमटत की एखाद्या ज्योतिष्याने माझे भविष्य सांगण्याऐवजी घाबरून दक्षिणा परत केली असती.

महाळुंगे हे तिचे माहेर. दारात तिचे वडील, आबा, उभे होते. शालू नेसून निघालेली आपली लेक धूळभरल्या बाहुलीसारखी उतरताना त्यांनी पाहिली, गाडीच्या पोटात वाकून पाहिले आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असे म्हणाले, “जावईबापू, माझ्या बैलांच्या तोंडाला फेस येतो, धूर न्हाई येत. मी जन्मात बसायचा न्हाई ह्यात.”

आळी हसली. मीही हसलो. ती मात्र हसली नाही. परतताना मागच्या बाकावर पाय वर घेऊन बसली आणि एवढेच म्हणाली, “आबा ज्या दिवशी या गाडीत बसतील, त्या दिवशी मी पुन्हा बसेन.” आणि तिने शब्द पाळला! चिंचवडच्या आमच्या घरापासून सगळीकडे ती पायी जाऊ लागली आणि मी तिच्या शेजारून, पहिल्या गिअरमध्ये, रिकाम्या गाडीने, वरातीतल्या नवरीवाचूनच्या नवरदेवासारखा.

मनुष्य आणि यंत्र यांची खरी भेट कुठे होते? चाकापाशी नाही, इंजिनापाशी नाही. ती होते मुठीपाशी. नांगराचे रुमणे, जात्याचा खुंटा, होडीचे वल्हे: जिथे तळहात विसावतो तिथेच निर्जीव वस्तू आपली होते. मग माझ्याच गाडीला ओंजळभर माया का नसावी?

कासारवाडीचे मिस्त्री करीमभाई यांच्यापाशी उपायांची टंचाई नव्हती. त्यांनी प्रथम विवरात गोणपाट कोंबले; ते असे धुमसले की स्टेशनात उभ्या आगगाडीच्या ड्रायव्हरला आपलाच बंब पेटल्याचा भास झाला. “राव, ह्याला कातडंच पायजे, अन् तेही नळीसारखं,” करीमभाईंनी निदान केले.

घरी हे सांगितले मात्र, सौभाग्यवतींचे डोळे लकाकले. महाळुंग्याच्या विहिरीवर नवे तेलाचे इंजिन बसल्यापासून आबांची मोट गोठ्यात खुंटीला लटकत होती. बैलांनी ओढायची ती पाण्याची कातडी पिशवी. आणि तिच्या खाली निमुळती, लवचीक नळी: सोंड! ती माहेरी गेली आणि सोंड मागून घेऊन आली. सोबत बैलाच्या शिंगाच्या टोकावर चढवायची एक पितळी शेंबी. जोडीची दुसरी पोळ्याच्या मिरवणुकीत हरवल्याने ही एकटीच पडून होती. आबा फक्त “ने” म्हणाले होते.

करीमभाईंनी सोंड भिजवून मऊ केली, तिचे रुंद तोंड पत्र्याच्या कड्याखाली तळाशी आवळले, अरुंद गळा मेणदोऱ्याने दांड्याला बांधला. शेंबीत शिसे ओतून नट बसवला आणि ती मूठ म्हणून दांड्यावर फिरवली. काय ते रूप! “नवरी झाली, राव, नवरी!” करीमभाई गर्जले.

पण मोटेचे कातडे आयुष्यभर पाण्यात वाढलेले. गाडीच्या उष्म्याने ते सुकले, आकसले, आणि मी शेवटचा गिअर टाकताच सोंड तो हळूच मागे ओढू लागली. एका हाताने गाडी आणि दुसऱ्याने दांडा धरून मी बाजाराच्या दिवशी महाळुंग्याला पोहोचलो. सौभाग्यवती आदल्या दिवशीच चालत गेली होती.

आबांनी गाडीच्या खिडकीतून आत डोकावले आणि ते गरजले, “वाळवली व्हय! माझी मोट वाळवली!” घरातून करंजाच्या तेलाची वाटी घेऊन ते तरातरा आले. दार उघडले, एक गुडघा टेकला, हात पुरेना म्हणून दुसरा, आणि शेवटी चक्क माझ्या शेजारच्या आसनावर बसून ते सोंडेला तेल चोळू लागले. ती बोटे! कित्येक उन्हाळ्यांचे पाणी त्या बोटांना ठाऊक होते. कातडे हळूहळू सैलावले, जणू ओळखीच्या स्पर्शाने उसासले.

गाडी उतारावर उभी होती. मी काहीच केले नाही. फक्त ब्रेक सोडला.

मागचे दार उघडून सौभाग्यवतीने अशी झेप घेतली की बिबट्याने धडा घ्यावा. वेशीजवळ इंजिन धडधडले तेव्हा आबांना उमगले. “आवो! आवो, हे काय?” “हात थांबवू नका, आबा,” मी ओरडलो, “कातडं पुन्हा आखडेल!” आणि ते चोळत राहिले! पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. शेंबी तळहातात लोण्यासारखी फिरत होती. ना धूर, ना धूळ. मागून हसू ऐकू येत होते, जे कित्येक दिवस मी ऐकले नव्हते.

चाकणच्या बाजारात आम्ही शिरलो तेव्हा अडते उठून उभे राहिले. कांद्याच्या राशी उठल्या नाहीत, एवढेच. आबा उतरले, धोतराला तेलाचे हात पुसले आणि पागोटे नीट केले.

“आबा, कशी वाटली गाडी?” लेकीने विचारले.

“बैलगाडी घरीच ऱ्हायली,” आबा म्हणाले. “सांजच्याला न्यायला या.”