डावीकडून की उजवीकडून

केळी पिकवायच्या थंड खोलीतली हवा गणितात बसवायचं काम मी चाळिशी उलटल्यावर हाती घेतलं. जळगावच्या कॉलेजात शिकवायचं, घर बघायचं आणि उरलेल्या वेळात पीएचडी. रावेरच्या एका व्यापाऱ्याने आपल्या खोलीत मोजमापं घेऊ दिली होती. पेट्यांच्या थप्पीत भिंतीपासून आत आत जाताना तापमान कसं बदलतं, ते माझा प्रोग्रॅम सांगायचा. एका जागेला एक आकडा. ठीक चाललं होतं.

मग गाईड मॅडम म्हणाल्या, "नुसतं तापमान घेऊन कसं चालेल? दमटपणाही घ्या. दोन्ही एकमेकांवर परिणाम करतात."

त्यांचं बरोबर होतं. आता प्रत्येक जागेला दोन आकडे आले, आणि समीकरणात जिथे एकटा गुणक होता तिथे चार आकड्यांची चौकट, म्हणजे छोटं मॅट्रिक्स. मला वाटलं, सांगाडा तोच राहील. आकड्याच्या जागी चौकट बसवायची आणि भागायचं असेल तिथे व्यस्त मॅट्रिक्सने गुणायचं. आठवड्याचं काम.

त्यात सगळं सत्र गेलं. दमटपणा कधी शून्याखाली जायचा, कधी शंभराच्या वर. मजा म्हणजे दोघांचा एकमेकांवरचा परिणाम शून्य धरला, की तापमानाचं जुनं उत्तर तंतोतंत यायचं. म्हणून सांगाड्यावर मी कधी संशय घेतला नाही. रावेरला जाऊन मोजमापंच पुन्हा घेतली. पेपर तपासताना, भाजी चिरताना डोक्यात तेच. शेवटी राग यायचाही बंद झाला. नुसता थकवा उरला.

एका रविवारी वही आणि प्रोग्रॅमचे छापील कागद घेऊन, पारोळ्यावरून जाणारी बस धरून धुळ्याला गेले. मला एम.एस्सी.ला शिकवायचे ते सर तिथे राहतात. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

"मला वाचता येणार नाही," ते म्हणाले. "तू वाच. एकेक ओळ. कशाच्या डावीकडे काय, उजवीकडे काय, सगळं बोलून."

मी प्रोग्रॅम वाचत गेले. काकूंनी दोनदा चहा दिला. सर मधेच "हं" म्हणायचे. एका ओळीवर त्यांनी हात वर केला.

"पुन्हा वाच."

"वरची चौकट, गुणिले मधल्या चौकटीचा व्यस्त."

"समीकरण मांडलंस तेव्हा व्यस्ताने कुठल्या बाजूने गुणलं होतंस?"

मी वहीत पाहिलं. "डावीकडून."

"आणि इथे?"

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. उजवीकडून. आकड्यांना बाजू नसते, कुठूनही गुणा. चौकटींना असते. हे मी दरवर्षी वर्गात सांगते. परिणाम शून्य धरला की चौकटीत फक्त कर्णावरचे आकडे उरतात, आणि तशा चौकटी कुठल्याही क्रमाने गुणल्या तरी चालतं. माझ्या चाचणीनेच चूक झाकली होती. डोळे भरून आले, आणि त्याचीही लाज वाटली.

सर म्हणाले, "माझी पीएचडी अशीच राहिली. चौकटींचंच काम होतं. उत्तर जुळेना, सोडून दिलं. कपाटात वरच्या कप्प्यात कागद असतील. बघतेस?"

पिवळे पडलेले छापील कागद मी काढले आणि तसेच मोठ्याने वाचले. त्यातही तशीच ओळ आली तेव्हा सर पुढे सरकून बसले. त्यांनी व्यस्त बरोबर डावीकडे लिहिला होता. त्यांची चूक दुसरीकडे कुठेतरी होती. शेवटच्या पानापर्यंत वाचलं, आम्हाला ती सापडली नाही.

"बठ्ठं बरोबर शे, मंग चुकनं कोठे?" ते स्वतःशीच अहिराणीत म्हणाले आणि कागद परत ठेवायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मोकळा तास होता. मी त्या ओळीतल्या दोन चौकटींची अदलाबदल केली. दमटपणा रावेरच्या मोजमापांच्या अगदी जवळ आला. आनंद व्हायला हवा होता. मी खुर्चीत मान मागे टाकून थोडा वेळ डोळे मिटले आणि मग सरांना फोन लावला.

"जुळलं, सर."

"बरं झालं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"

मी जेवले नव्हते. हो म्हणाले.