त्याच्यासाठी कोण जाणार?

विनंती कशी करावी हे जगात एकाच माणसाला कळलं आहे, आणि तो माणूस दोन वर्षं शहाद्याच्या वसतिगृहात माझा रूम पार्टनर होता. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. एम. ए. इंग्रजीच्या वर्गात आम्ही बहुतेक सगळे तापीकाठचे, घरी अहिराणी बोलणारे. आमच्या अहिराणीत विनंती हा प्रकारच नाही. 'पानी दे', 'आठे बठ', 'तठे ठेव' एवढ्यावर आमच्या सात पिढ्या सुखाने जगल्या. इंग्रजीत आल्यावर आम्ही त्याच हुकमाला शेवटी एक 'प्लीज' चिकटवायचो आणि आपण सभ्य झालो असं समजायचो. हा पठ्ठ्या मात्र काठी गावाच्याही पलीकडच्या डोंगरातला, घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारा. तो 'आय वंडर इफ यू कुड' एवढं म्हणून जरा थांबायचा. त्या थांबण्यात समोरच्याला नाही म्हणायला ऐसपैस जागा असायची, आणि म्हणूनच कोणी नाही म्हणत नसे.

त्याचे एकेक पराक्रम सांगावेत तेवढे थोडे. एका पोराचा परीक्षेचा फॉर्म राहिला तेव्हा बंद खिडकीसमोर उभं राहून त्याने आतल्या बाबूशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. बाबूला त्यातलं अक्षर कळलं नसावं, पण जन्मात पहिल्यांदाच कोणीतरी आपल्याशी इतक्या अदबीने बोलतंय हे कळलं आणि खिडकी उघडली. स्टँडवरून निघालेली एसटी त्याने एकदा मागे घ्यायला लावली, कारण एका म्हातारीची केळ्यांची पाटी खालीच राहिली होती. मी तोंडात बोट घालून पाहत राहायचो.

पण हे सगळं दुसऱ्यांसाठी. स्वतःसाठी त्याचं तोंड उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. माझ्या खाटेवरचा पंखा त्याने गृहपालांना अर्ज करून दोनदा दुरुस्त करून घेतला. त्याच्या खाटेवरचा दोन वर्षं बंदच होता. प्रकाशाला, माझ्या गावी, आमच्या घरी जेवायला आला, तेव्हा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत त्याला भलतंच आवडलं. पण आणखी हवी असली की तो माझ्याकडे बोट दाखवायचा. "माय, याला अजून एक वाढा." माझ्या ताटात चौथी भाकरी पडली तेव्हा माय वैतागली. "अरे भो, तुले काय पाहिजे ते सांग ना! तोंड शे ना तुले?" तो नुसता हसला. मग तिने न विचारताच दोन भाकरी त्याच्या ताटात टाकल्या.

याचा उलगडा दुसऱ्या वर्षी झाला. विद्यार्थी इंग्रजीत विनंती कशी करतात यावर आमचे एक सर संशोधन करत होते. त्यांनी आम्हाला छापील कागद वाटले. 'तुम्हाला प्राध्यापकांकडून पुस्तक हवे आहे. काय म्हणाल?' असा प्रश्न आणि खाली उत्तराला एक ओळ. आम्ही सगळे 'सर, गिव्ह मी बुक प्लीज' लिहून मोकळे झालो. त्याने लिहिलं होतं, 'मी काही म्हणणार नाही. माझा मित्र जाईल.' सरांना वाटलं, पोरगा थट्टा करतोय. खोलीवर आल्यावर मीही त्याला झापलं.

"नवरामुलगा स्वतः मुलगी मागायला जातो का?" त्याने शांतपणे विचारलं. "स्वतःसाठी मागताना माणूस लहान होतो. आपल्यासाठी दुसऱ्याने जायचं, दुसऱ्यासाठी आपण."

"आणि त्या मित्राला कोण सांगणार?"

"सांगायचं नसतं. मित्राला दिसतं."

मला दिसायला पाच दिवस लागले. हैदराबादच्या एका संस्थेत पुढे शिकायला जायचं त्याच्या मनात होतं. त्यासाठी आमच्या विभागप्रमुख मॅडमचं शिफारसपत्र लागणार होतं, आणि शेवटची तारीख शनिवार. त्याचा भरलेला अर्ज सोमवारी टेबलावर होता, मंगळवारी माझ्या कंगव्याखाली, गुरुवारी माझ्या उशीवर. मी गाढव तो रोज बाजूला सरकवत होतो. शुक्रवारी रात्री तो अर्जाची घडी घालून पेटीच्या तळाशी ठेवताना दिसला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

शनिवारी सकाळी पेटीतून तो अर्ज काढून मी मॅडमच्या केबिनमध्ये शिरलो. रात्रभर पाठ केलेलं 'आय वुड बी ग्रेटफुल' त्यांचा चष्मा पाहताच पळून गेलं. "मॅडम, त्याला पत्र द्या," मी म्हणालो. "तो मागणार नाही. त्याच्यासाठी मी आलोय."

मॅडम बराच वेळ अर्ज वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन वर्षांत हा मुलगा कितीदा माझ्या दारात आला, प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणासाठी तरी. त्याच्यासाठी आलेला तू पहिलाच." मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. ज्या अर्ध्या वर्गासाठी तो गेला होता, त्यात मीही होतो. पत्र मात्र त्यांनी तिथेच लिहून दिलं.

तो हैदराबादला गेला, तिकडेच शिकवायला लागला. मी इथल्या पोरांना 'कुड यू' आणि 'वुड यू' शिकवतो. रविवारी त्याचा फोन येतो. मायचा गुडघा, आमचे बैल, वर्गातली पोरं, सगळ्यांची चौकशी होते. फार आठवण येते त्याची. एकदा येऊन जा, एवढंच मला म्हणायचं असतं. पण स्वतःसाठी कसं मागायचं? आणि माझ्यासाठी कोणाकडेही जाईल असा एकच माणूस मला माहीत होता, तो हैदराबादला आहे. म्हणून मी फोनवर इतकंच सांगतो, की शेतात भरताची वांगी लागली आहेत आणि माय कळणा दळून आणणार आहे. मग जरा थांबतो. त्याला दिसत असेल.