आईसाठी चार वाक्यं

बारा वर्षं मी मालिकांचे संवाद लिहिले. रोज दाखवायच्या मालिकेचा लेखक म्हणजे खानावळीतला पोळ्या लाटणारा: तवा तापलेला, गिऱ्हाईक ताटावर बसलेलं आणि कणीक संपत आलेली. नटमंडळी मेकअपला बसली की माझा सीन त्यांच्या फोनवर जायचा. घाईत मी एकदा एकाच सासूला सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा विधवा केलं. चॅनेलच्या ध्यानात आलं नाही, माझ्या तर नाहीच नाही. सासूचं काम करणाऱ्या ताईंनी सेटवरून फोन केला, "मेल्या, माझा नवरा किती वेळा मारशील? एकदाच काय तो नीट मार!"

या ताईंनी पडद्यावर पंचवीस वर्षं आई आणि सासू याखेरीज काही केलं नाही. काम थांबल्यावर त्यांनी मांडव्याला, मुंबईच्या बोटीच्या धक्क्याजवळ, छोटं घर घेतलं. माझं काम तर त्यांच्याही आधी थांबलं होतं आणि मी आत, गावच्या भातशेतीवर येऊन बसलो होतो. स्कूटरने वीस मिनिटं. आठवड्यातून दोनदा मी त्यांच्याकडे चहाला जायचो आणि शिव्या खाऊन यायचो.

त्यांना खरी मुलगी एकच. सात वर्षं बोलणं नव्हतं. कारण मला ताईंनीच सांगितलं, तेही वांगं चिरता चिरता. मुलीचं पहिलं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. ताई दोन शिफ्टच्या मधे इस्पितळात पोचल्या त्या नऊवारी, नथ आणि सेटवरच्या मेकअपसकट. नर्स धावत आल्या, सेल्फी मागितले. ताईंनी दिले. मुलगी पलंगावरून बघत होती.

"नाही म्हणता आलं नाही रे," ताई म्हणाल्या. मग लगेच, "आणि तिला तरी काय एवढं? दोन फोटो!" हा दुसरा भाग त्या नेहमी जोडायच्याच. बाजारात कोळणी विचारायच्या, "आईसाहेब, पोर बरी हाय ना गो तुमची?" त्या मालिकेतल्या पोरीबद्दल विचारायच्या. "मजेत आहे," ताई सांगायच्या आणि घरी येऊन पिशवी आपटायच्या.

गेल्या हिवाळ्यात मुलीचा निरोप आला. ती नवऱ्याबरोबर कायमची परदेशी चालली होती. कसल्याशा प्रतिज्ञापत्रावर आईची सही हवी होती, कागद कुरिअरने पाठवते म्हणाली. ताईंनी कळवलं, "सही हवी तर ये आणि घे. कुरिअरवाल्याला मी जन्म दिलेला नाही."

मुलगी येते म्हणाली. आणि ताईंचं अवसान गळालं.

"मला चार वाक्यं लिहून दे," त्या मला म्हणाल्या. "माझं माझं बोलायला गेले की तिसऱ्या वाक्याला मी तिला टोचते. लिहिलेलं असलं की बोलेन नीट. ती जाण्याआधी एवढंच एकदा व्हायला हवं."

"काय म्हणायचंय तुम्हाला?"

"ते कळत असतं तर तुझ्यासारख्याला कशाला विचारलं असतं?"

आता इथे कुणीही शहाणा माणूस दोन दिवस बसला असता. मी भात झोडायच्या गडबडीत होतो. जुन्या लॅपटॉपमध्ये आई-मुलीच्या समेटाचे सीन पडलेले होतेच. त्यातला एक उचलला, सासरचा उल्लेख काढला, पाठवला. पंधरा वर्षांपूर्वीची मालिका, तिचा शेवट खुद्द मला आठवत नव्हता. ताईंना तर शॉट ओके झाला की वाक्यं पुसून टाकायची सवयच. दुसऱ्या दिवशी त्या खुशीत होत्या. "चांगलं लिहिलंयस रे. पटकन तोंडात बसलं." ही शाबासकी मी घेतली. दोन पोहे जास्तही खाल्ले.

मुलीला धक्क्यावरून मीच आणलं. गाडीत तिने एकच प्रश्न विचारला, परतीची बोट किती वाजता. घरी ताईंनी साधी सुती साडी नेसली होती, कुंकूसुद्धा लहान. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. खरं म्हणजे निघून जायला हवं होतं, पण स्वतःचा सीन बघायची लेखकाला खोड असते.

सही झाली. ताईंनी पेन खाली ठेवलं आणि सुरुवात केली. "मी आई म्हणून कमी पडले, हे मला कुणी सांगायला नको. तू रुसलीस, ते तुझं बरोबर होतं. घराचं दार तुझ्यासाठी कधी लावलंच नव्हतं मी. एकदा हाक मार, मग परत कधी काही मागणार नाही." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

मुलीने पेनाला टोपण लावलं. मग अगदी सपाट आवाजात म्हणाली, "आई, तुझ्याशिवाय माझं आहे कोण?"

माझा ऊर भरून आला. मला वाटलं, जमलं!

"हे माझं वाक्य," ती पुढे म्हणाली. "यानंतर मी मांडीवर डोकं ठेवते. ते राहू दे."

ताईंना काही समजेना. मला समजलं. कॉलेजात असताना आईचं पाठांतर हीच पोरगी घ्यायची. समोरच्या पात्राची वाक्यं ती म्हणायची, पडद्यावरच्या मुलीची. "हा सीन आपण सकाळी बाथरूमच्या दाराशी बसून केला होता," ती म्हणाली. "तू 'कधी लावलंच नव्हतं'ला अडखळायचीस. आज नाही अडखळलीस."

तिने कागद फाइलमध्ये घातले.

धक्क्याकडे जाताना मी गाडी बाजूला घेतली आणि सगळं कबूल केलं. "शब्द माझे आहेत, चोरलेले आहेत, गाढवपणा माझा. पण रडणं खरं होतं हो. ग्लिसरीन नव्हतं."

"काका, तिला ग्लिसरीन कधीच लागलं नाही," ती म्हणाली. "दिग्दर्शक म्हणायचे तेव्हा रडायची, म्हणायचे त्या डोळ्याने. मी कसं ओळखायचं, सांगा ना तुम्ही."

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती. मी गाडी सुरू केली. "बोट चुकेल," असं काहीतरी मी म्हणालो.

परत आलो तर ताई त्याच खुर्चीत होत्या. "काय म्हणाली?"

"रडली बोटीत चढताना."

"खोटं. तुला साधं खोटंसुद्धा लिहिल्याशिवाय बोलता येत नाही." मग थांबून, "खरं सांग."

मी सांगितलं. ग्लिसरीनचंही. वाटलं होतं, कपबशी अंगावर येईल. त्या नुसत्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. मलाही नाही ओळखता येत."

मुलगी गेली. तिकडे तिला मुलगा झाल्याचं आम्हाला कुणाकडून तरी उडत उडत कळलं. त्या दिवशी मी धीर करून म्हटलं, ताई, फोन तरी करा. त्यांनी फोन हातात घेतला, नंबर काढला, बराच वेळ तसाच धरला.

"बोलू काय?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. जे जे सुचत होतं, ते सगळं कधी ना कधी कुणाच्या तरी तोंडी घालून झालेलं होतं. ताईंनी फोन टेबलावर उपडा ठेवला आणि चहा ठेवायला आत गेल्या.