सॅमन घरी जातो

स्कॉटलंडच्या बोचऱ्या थंडीत आम्ही तिघं एका धबधब्याशी उभे होतो. सकाळपासून मी नवऱ्याशी बोलत नव्हते. मला न विचारता त्याने पुण्याच्या हॉस्पिटलमधल्या नोकरीला होकार कळवून टाकला होता. वीस वर्षं साउथहॅम्प्टनमध्ये काढली आणि मला हे कळलं ब्रेकफास्टच्या टेबलावर!

समोर सॅमन मासे उसळत होते, खडकावर आपटून मागे पडत होते आणि पुन्हा उडी घेत होते.

"जन्मले त्याच नदीत परत येतात," तो लेकीला सांगू लागला. "मासासुद्धा शेवटी घरीच जातो."

हे मला ऐकवायला होतं. माझं टाळकं सणकलं.

"आणि अंडी घातली की बहुतेक मरतात, तेही सांग ना तिला."

लेक बारा वर्षांची. पुणं तिने फक्त सुट्टीत पाहिलेलं. तिने आमच्या दोघांकडे पाहिलं.

"बाबा, मग माझा नदी इथेच आहे ना?"

तिचं मराठी सुधारल्याशिवाय याला एरवी घास गिळवत नाही. आता 'माझा नाही, माझी' म्हणेल, म्हणून मी वाट पाहिली.

कठडा घट्ट धरून तो नुसता पाण्याकडे बघत राहिला.