आवाज येतोय ना?

माझा भाऊ लोकांच्या तोंडाकडे कधी बघायचा नाही, पायांकडे बघायचा. एका तळघरातल्या नाचाच्या हॉलमध्ये त्यानं सव्वीस वर्षं डीजेचं काम केलं, आणि एवढ्या वर्षांत तो शिकला ते इतकंच, असं तो म्हणायचा. "चिमे, तोंड काय, वा वा म्हणून मोकळं होतं. गाणं आवडलं नसेल तर टाच हलत नाही." चिमी म्हणजे मी, त्याची धाकटी बहीण. चाळिशी उलटली तरी त्याच्यासाठी मी चिमीच.

हॉलमध्ये त्याला सगळे मास्तर म्हणायचे. गाण्याची फर्माईश घेऊन कुणी टेबलाशी आलं, की वर्गात उशिरा आलेल्या पोराला झापावं तसा तो झापायचा. "थांबा जरा. त्या गाण्याची वेळ झालेली नाही." आणि तासाभरानं, मागणारा विसरूनही गेलेला असायचा तेव्हा, ते गाणं असं लागायचं की कोपऱ्यात पाणी पीत बसलेली माणसंही उठायची. हे मी ऐकून सांगतेय. मी हॉलमध्ये गेले ती दोनदा, आणि दोन्ही वेळा डोकं दुखतंय म्हणून लवकर निघाले.

घरात त्याच्या कामाला कुणी काम मानलं नाही. आमचे अण्णा पोस्टात आयुष्यभर शिक्के मारून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "दुसऱ्यानं रांधायचं आणि ह्यानं वाढायचं, त्यात कसलं आलंय कौतुक?" वहिनी गप्प राहायची, आणि तिच्या गप्प राहण्याला अण्णांच्या बोलण्यापेक्षा जास्त धार होती. मी मात्र दादाची बाजू घ्यायचे. मनातून मलाही अण्णांचंच पटायचं, हे आता कबूल करून टाकते.

मग हॉल बंद पडला. मालकानं जागा गादीवाल्याला भाड्यानं दिली. एक्कावन्नाव्या वर्षी दादा घरी बसला, म्हणजे नेमका अण्णांच्या समोरच्या खुर्चीत.

तीन महिन्यांनी एका हॉटेलच्या मॅनेजरनं त्याला बोलावलं. गच्चीखालच्या मजल्यावर नाचाची नवी जागा होणार होती. मॅनेजर दादाच्या निम्म्या वयाचा. म्हणाला, "मास्तर, तुमचं नाव ऐकून आहे. पण ऑनलाइन तुमचं काहीच दिसत नाही. घरून लाइव्ह वाजवा थोडे दिवस, मग मला लिंक पाठवा. ठीक वाटलं तर शनिवार तुमचा." दादा घरी आला तो शनिवार खिशात घातल्यासारखाच. अण्णांना काही बोलला नाही, पण खुर्ची त्यानं त्याच दिवशी खिडकीकडे फिरवली.

आमच्या घरात कम्प्युटर कळतो तो मला. मी एका छापखान्यात पावतीपुस्तकं आणि हँडबिलं जुळवते. वासरांत लंगडी गाय शहाणी. छापखान्यातून निकालात निघालेला एक कम्प्युटर मी त्याला आणून दिला. कपड्यांच्या कपाटाशेजारी इस्त्रीचं टेबल होतं, त्यावर त्यानं काळं कापड अंथरलं, दोन प्लेअर ठेवले, मध्ये मिक्सर, मागे वायरींचा गुंता. पडद्याच्या डोक्यावर मी एक स्वस्तातला कॅमेरा चिमटा लावून बसवला. थेट प्रसारण करणारा प्रोग्राम घातला. प्रोग्रामनं विचारलं, आवाज कुठून घेऊ? खाली पाच नावं होती, सगळी आकड्या-अक्षरांची, अगम्य. मी सगळ्यात वरचं दाबलं आणि म्हटलं, "हॅलो, हॅलो." हिरवी पट्टी टुणकन उडाली. झालं काम.

दादानं गाणं लावलं. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले, तर फोनमधूनही गाणं येत होतं. तोही मागोमाग आला, फोन कानाला लावून उभा राहिला, कपाळाला आठी.

"डब्यात तोंड घालून गायल्यासारखं येतंय गं. खालचे आवाज कुठे गेले सगळे?"

"नेटवर एवढंच येतं दादा," मी म्हटलं. न कळणाऱ्या माणसाला जितका ठामपणा असतो तितका सगळा माझ्या आवाजात होता. त्यानं ऐकलं. सव्वीस वर्षांचा त्याचा कान, आणि विश्वास ठेवला माझ्यावर.

मग त्यानं विचारलं, "आणि पाय? इथे पाय कसे दिसणार मला?"

"लोक बदाम पाठवतात, लाल. पडद्यावर वर चढताना दिसतील. तेच पाय समज."

वेळ ठरली रविवार, चार ते सहा. पण चार ते सहा म्हणजे अण्णांची झोप. पहिल्याच रविवारी वहिनी दारातून म्हणाली, "अहो, ते काय ते कानात घालून वाजवा. ते जागे झाले तर मला ऐकावं लागेल." दादानं खोलीतले स्पीकर बंद केले, हेडफोन चढवले आणि सुरुवात केली. नंतर दर रविवारी तसंच.

मी माझ्या घरी काय करायचे तेही सांगते. चारला फोन उघडायचे, आवाज पूर्ण बंद करायचे आणि फोन फ्रिजवर ठेवायचे. आठवड्यातला माझा तो एकच सुट्टीचा दिवस, आणि ती धडधड मला सोसत नाही. येता-जाता एक बदाम दाबायचा. पाचला "वा!" लिहायचं. पावणेसहाला "आजचा सगळ्यात भारी झाला." आमच्या ह्यांनाही तसंच शिकवलं होतं, आणि ह्यांनी ऑफिसातल्या तिघांना. पडद्यावर आकडा दिसायचा, सात जण ऐकतायत. सातातले पाच आम्हीच होतो. मला हे पुण्याचं काम वाटत होतं, अगदी मनापासून.

दुसऱ्या रविवारी एका अनोळखी माणसानं खाली लिहिलं, "आवाज नाही." त्याला नावही नव्हतं, नावाच्या जागी नुसते आकडे. दादानं दोन गाण्यांच्या मध्ये मला फोन केला.

"चिमे, आवाज येतोय ना?"

मी तेव्हा दळण आणायला बाहेर पडले होते. फोन पिशवीत, आणि प्रसारणाचा आवाज नेहमीसारखा बंदच. म्हटलं, "खणखणीत येतोय. कुणीतरी जळका असेल, काढून टाक त्याला."

त्यानं काढून टाकलं. अकरा आठवड्यांत दादाचं प्रसारण खरोखर ऐकायचा प्रयत्न केलेला तो एकमेव माणूस, आणि त्याला मी हाकललं.

आपलं वाजवलेलं दादा पुन्हा ऐकायचा नाही. "वाजलं ते गेलं, शिळं कोण खातो?" ही त्याची जुनी खोड. त्यामुळे प्रसारणाचं रेकॉर्डिंग आपोआप साठत होतं, ते त्यानं एकदाही उघडलं नाही. अकरावा रविवार झाला आणि त्याच संध्याकाळी त्यानं लिंक मॅनेजरला धाडली.

सोमवारी सकाळी मॅनेजरचा फोन आला. वहिनीनं तो शेजारी उभं राहून ऐकला, तिनंच मला नंतर सांगितलं. मॅनेजर अगदी अदबीनं विचारत होता, "मास्तर, तब्येत बरी आहे ना? तीन-चार रविवार उघडून बघितले. गाणं कुठेच नाही. तुम्ही नुसते डोलताय, बटणं खटखटतायत, आणि मागे कुणीतरी खोकतंय." दादा "हो" म्हणाला. मग पुन्हा एकदा "हो" म्हणाला. शनिवार दुसऱ्याला देऊन टाकल्याचं मॅनेजरनं शेवटी सांगितलं.

मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत दादा छापखान्यात आला. कागद कापायच्या यंत्रापाशी उभा राहिला, कातरणांच्या ढिगात.

"कालचं शेवटचं गाणं कसं वाटलं गं?"

"मस्तच!"

"संथ होतं का उडतं?"

तो शेवट नेहमी संथ करतो, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. "संथ," मी म्हटलं, आणि एवढ्यावर थांबावं ना, पण जीभ सैल. "अरे, डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

दादानं माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. त्यानं माझ्या पायांकडे बघितलं. बराच वेळ.

"आवाजच नव्हता चिमे," तो म्हणाला. "अकरा रविवार."

तो ओरडला असता तर मी भांडले असते, भांडणात मी कुणाला हार जात नाही. तो गेला, जाताना चपलेला चिकटलेली कातरण तेवढी त्यानं वाकून काढली.

संध्याकाळी मी त्याच्या घरी धावले. पाच नावांतलं मी दाबलेलं वरचं नाव कॅमेऱ्यातल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या माईकचं होतं. पहिल्या दिवशी खोलीत स्पीकर चालू होते, म्हणून त्या माईकला गाणं ऐकू आलं होतं. दादानं हेडफोन चढवले आणि खोली मुकी झाली, तसं प्रसारणही मुकं झालं. मिक्सरचं नाव त्याच्या खालचंच होतं. मी ते दाबलं, दोन मिनिटांचंही काम नव्हतं. हिरवी पट्टी नाचायला लागली.

"बघ दादा, आता येतोय."

"राहू दे," तो म्हणाला, आणि त्यानं बटण बंद केलं. काळं कापड घडी करून कपाटात ठेवलं. वहिनीनं दुसऱ्या दिवशी त्या टेबलावर इस्त्री केली.

आता तो कुरिअरच्या गोदामात पाकिटं लावतो. अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, पोरगा अखेर कामाला लागला, तेही आपल्याच खात्यात म्हणायचं. दादा माझ्याशी नीट बोलतो. चहा विचारतो, माझ्या गुडघेदुखीची चौकशी करतो. फक्त मी काही चांगलं म्हटलं, की त्याची नजर खाली जाते.

रेकॉर्डिंग अजून आहेत. सगळी मी ऐकली, बावीस तास, आवाज पूर्ण मोठा करून. दुसरं काय करणार होते? बटणांची खटखट. अण्णांचा खोकला. वहिनीनं आपटलेली कढई. टेबलाखाली ताल धरणारा दादाचा स्वतःचा पाय. तो गुणगुणतो, आणि अगदी बेसूर गुणगुणतो, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

पाचव्या रविवारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी तो एका कानावरचा हेडफोन बाजूला करतो, कॅमेऱ्याकडे वाकतो आणि जरा लाजून बोलतो. त्या माईकला हे मात्र स्वच्छ ऐकू आलंय. "पुढचं गाणं माझ्या धाकट्या बहिणीसाठी. आमच्या घरात माझं ऐकणारी ती एकटीच."

मग चार मिनिटं काही नाही, फक्त त्याचा पाय. आणि त्याच चार मिनिटांत खाली माझा लाल बदाम आहे. शेजारी मी लिहिलंय, "वा! हेच गाणं हवं होतं."